गुलाबाचा गंध, गवताचे तेल

लातूर : ‘जिरेनियम लावावे का?’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या बैठकांत वारंवार कानी पडतो. प्रश्न विचारणाऱ्यामागे सोयाबीनचा बेभरवशाचा भाव असतो, उसाला लागणाऱ्या पाण्याची धास्ती असते आणि १२ एप्रिल २०१६ची आठवणही असते. त्या दिवशी मिरजेहून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली आणि या शहराची तहान देशभर पोहोचली. अशा जिल्ह्यात ‘कमी पाण्याचे, लिटरला दहा-बारा हजार रुपये देणारे पीक’ असे कोणी सांगितले, तर ऐकणारा थांबणारच.

शहरातील वाचकाला हा प्रश्न शिवारातला, म्हणून दूरचा वाटेल. वस्तुतः तो त्याच्या न्हाणीघरातच आहे. गुलाबाचा वास असलेला साबण, तोंडाला लावायची पावडर, दुर्गंधी घालवणारा फवारा, काही डासरोधक मलमे यांपैकी एखादीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘जिरेनिऑल’ हे नाव सापडण्याची शक्यता मोठी आहे. जिरेनियमच्या तेलाला जो गुलाबी गंध येतो त्यातला एक प्रमुख वाटेकरी हाच. तेव्हा लागवडीचा हिशेब मांडण्यापूर्वी या द्रव्याची ओळख करून घेणे उपयोगाचे ठरेल. जिरेनियमचे नाव मिरवणारे हे द्रव्य प्रथम हाती आले ते जिरेनियममधून नव्हे, तर भारतातील एका रानटी गवतातून. आणि हे गवत आपल्या महाराष्ट्राच्या डोंगरांवरही उगवते.

खानदेशातून कॉन्स्टँटिनोपलला

त्या गवताचे नाव रोशा. संस्कृतात रोहिष, जुन्या मराठीत रोहिस. सातपुड्याच्या उतारांवर, मेळघाटात, निमाडात ते आपोआप उगवते. पावसाळा सरता सरता त्याला तांबूस तुरे येतात आणि हातात चुरगळले की गुलाबाची आठवण करून देणारा, किंचित गवताळ वास सुटतो. सांधे धरले की रोशाचे तेल चोळायचे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पूर्वी सांगावे लागत नसे.

एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या खानदेशी भागांत या तेलाच्या भट्ट्या लागत. रानात ओढ्याकाठी चूल मांडायची, तिच्यावर पाणी आणि गवताचे तुरे भरलेले भांडे चढवायचे, झाकण लिंपून वाफ नळीने थंड पाण्यातल्या दुसऱ्या भांड्यात न्यायची आणि पाण्यावर तरंगणारे तेल वेगळे काढायचे, अशी ती पद्धत. हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या बंदरांकडे आणि तेथून तुर्कस्तानच्या राजधानीत, म्हणजे त्या वेळच्या कॉन्स्टँटिनोपलला जाई. तेथे त्याला लिंबाचा रस लावून, उन्हात ठेवून त्याचा रंग व उग्रपणा कमी करीत. पुढचा मुक्काम बल्गेरियातील गुलाबाचे अत्तर. काही अत्तरवाले तयार अत्तरात हे तेल मिसळीत. काही त्याहून धूर्त, ते भट्टी लावण्यापूर्वीच गुलाबाच्या पाकळ्यांवर ते शिंपडत. खानदेशच्या रानातील गवत युरोपातील श्रीमंतांच्या रुमालाला गुलाब म्हणून लागत होते, असे म्हणायला हरकत नाही.

व्यापारात या तेलाला ‘भारतीय जिरेनियम तेल’ असे नाव पडले होते, कारण त्याचा वास जिरेनियमच्या तेलाशी मिळताजुळता. १८७१मध्ये ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच तेलातून त्याचा मुख्य घटक वेगळा केला. पद्धत सुटसुटीत होती. निर्जल कॅल्शियम क्लोराइडबरोबर हा घटक घट्ट संयुग तयार करतो. ते वेगळे करून त्यावर पाणी घातले की शुद्ध घटक मोकळा होतो. तेलाच्या बाजारी नावावरून त्याला जिरेनिऑल म्हटले गेले. म्हणजे नाव जिरेनियमचे, पण वंश गवताचा. ही नावाची गल्लत दीडशे वर्षे तशीच चालत आली आहे. आणखी एक गल्लत सांगायला हवी : शेतकरी ज्याला जिरेनियम म्हणतात ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरे जिरेनियम नव्हे. ती पेलार्गोनियम या दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या प्रजातीतील वनस्पती आहे, आणि तिचे तेल फुलात नसून पानांवरील सूक्ष्म ग्रंथींत असते.

दहा कार्बनांची साखळी

जिरेनिऑलचा रेणू दहा कार्बन, अठरा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन अशा अणूंचा बनलेला आहे. वनस्पती अनेक सुगंधी द्रव्ये पाच-पाच कार्बनांच्या विटा जोडून तयार करतात. अशा दोन विटांची साखळी आणि तिच्या एका टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, म्हणजे जिरेनिऑल. टोकाच्या या जोडीमुळे ते अल्कोहोलांच्या कुळात जाते. अर्थात, या अल्कोहोलाचा मद्याशी संबंध नाही.

साखळीत दोन ठिकाणी कार्बनांमध्ये दुहेरी बंध आहेत. दुहेरी बंध कडीसारखा ताठ असतो, तो फिरत नाही. त्यामुळे ऑक्सिजनच्या बाजूच्या बंधापाशी उरलेली साखळी एका दिशेला वळली तर जिरेनिऑल होते, विरुद्ध दिशेला वळली तर नेरॉल. अणू तेच, संख्या तीच, फक्त वळण निराळे. पण नाक दोघांना वेगळे ओळखते. नेरॉल अधिक ताजे, लिंबाकडे झुकणारे वाटते. ऑक्सिजनची जोडी टोकावरून आत सरकली की तयार होते लिनालूल, ज्याचा वाटा जाईच्या आणि लव्हेंडरच्या गंधात असतो. जिरेनिऑलचा एक दुहेरी बंध सोडवून दोन हायड्रोजन वाढवले की सिट्रोनेलॉल मिळते. सुगंधाच्या दुनियेतील ही चार भावंडे एकमेकांत सहज रूपांतरित होतात, आणि पुढच्या सगळ्या भेसळीची व कारखानदारीची गोष्ट या एका वाक्यात आहे.

रोशाच्या चांगल्या तेलात जिरेनिऑल सुमारे ७० ते ८५ टक्के असते. उरलेल्यात जिरेनिल अॅसिटेट हा त्याचाच एक गोडसर भाऊबंद ठळक असतो. जुने जाणकार या गवताच्या दोन जाती ओळखत : मोतिया आणि सोफिया. मोतियाचे तेल उंची, सोफियाचे कमी किमतीचे. दिसायला दोन्ही जवळपास सारख्या असल्या, तरी सोफियाच्या तेलात जिरेनिऑल बरेच कमी निघते. प्रयोगशाळा येण्यापूर्वी हा फरक नाकानेच ठरत होता.

गुलाबाच्या तेलात मात्र जिरेनिऑल साधारण १५ ते २२ टक्के, सिट्रोनेलॉल त्याहून जास्त आणि नेरॉल थोडे असे मिश्रण असते. या तिघांनी गुलाबाचा सांगाडा उभा राहतो, पण नुसते तिघे मिसळून पाहा, साबणाचा गुलाब तयार होईल, बागेतला नव्हे. बागेतला गुलाब घडवणारी डॅमासेनोन आणि रोझ ऑक्साइडसारखी द्रव्ये तेलात एक टक्क्याहूनही कमी असतात. डॅमासेनोनचा शोध तर १९७०च्या सुमारास लागला. मसाल्यात दगडफूल किती पडते? पण ते नसले तर काळ्या मसाल्याला काळा मसाला कोण म्हणेल? तसेच हे.

लग्नाच्या हॉलमधील लांब दांड्याच्या गुलाबांना वास का नसतो, याचे उत्तरही याच रेणूच्या वाटेवर सापडले. बहुतेक वनस्पती जिरेनिऑल एका ठरावीक विकराच्या साह्याने बनवतात. गुलाब तसे करीत नाही. २०१५मध्ये फ्रेंच संशोधकांनी ‘पापा मेयाँ’ या गर्द लाल, सुगंधी गुलाबाची तुलना एका वासहीन जातीशी केली, तेव्हा गुलाबाने या कामाला भलताच विकर जुंपल्याचे दिसले. ज्या कुळातला हा विकर, ते पेशीतील नको असलेले रेणू मोडण्यासाठी ओळखले जाते. वासहीन जातींत त्याचे जनुक जवळपास निजलेले असते. फूल टिकावे, दांडा लांब व्हावा म्हणून निवड करता करता गंधाकडे दुर्लक्ष झाले.

कारखान्याचा गुलाब

एक किलो गुलाबतेलासाठी साधारण साडेतीन ते चार टन फुले लागतात. रोशाच्या गवतातून किलोभर तेल दोन-अडीचशे किलोतच मिळते. भेसळीचा मोह कोठून येतो, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर चित्र पालटले. टर्पेंटाइनमधील पायनीन या घटकापासून जिरेनिऑल बनवण्याची कृती अमेरिकेत उद्योगाच्या पातळीवर आली. पुढे खनिज तेलाच्या रसायनांपासून सिट्राल आणि सिट्रालपासून जिरेनिऑल हा मार्गही रुळला. आज साबण, धुण्याची पावडर, फरशी पुसण्याचे द्रावण यांत जे जिरेनिऑल जाते ते बहुतांशी कारखान्यातले असते. साबणाला ते आवडण्याचे कारण निव्वळ वास नाही. साबणाच्या क्षारात अनेक सुगंधी द्रव्ये तुटून जातात, जिरेनिऑल टिकाव धरते. खाद्यपदार्थांत फळांच्या स्वादासाठी ते अल्प प्रमाणात वापरतात. डासांना ते नकोसे असते. मधमाश्यांना मात्र हवेसे : कामकरी माशी पोटाच्या टोकावरील ग्रंथीतून जो ‘इकडे या’ असा गंध सोडते, त्यात जिरेनिऑल हा मुख्य घटक आहे. काही द्राक्षांच्या आणि दार्जिलिंग चहाच्या सुवासातही त्याचा हिस्सा आहे.

येथे लातूरच्या शेतकऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. नुसते जिरेनिऑल विकण्यात त्याला कारखान्याशी स्पर्धा करता येणार नाही. कारखान्याचा रेणू आणि शेतातला रेणू अणुरेणूने एकच आहे. ग्राहक शेतातल्या तेलाला जास्त पैसे देतो तो जिरेनिऑलभोवतीच्या गोतावळ्यासाठी, म्हणजे तेलातील इतर असंख्य घटकांच्या नैसर्गिक प्रमाणासाठी. तो गोतावळा शाबूत आहे की नाही, हे तपासण्याची साधने आता विलक्षण धारदार झाली आहेत.

पहिले साधन गॅस क्रोमॅटोग्राफी. तेलाचा थेंबाहूनही लहान अंश तापवून लांब, केसासारख्या नळीतून वायूबरोबर सोडतात. प्रत्येक घटक आपापल्या वेगाने बाहेर पडतो आणि कागदावर शिखरांची रांग उमटते. कोणते शिखर किती उंच, यावरून तेलाचा पत्ता लागतो. जिरेनियमच्या तेलात सिट्रोनेलॉल मोठे, जिरेनिऑल त्याच्या मागे आणि पुदिन्याची झाक देणारे आयसोमेंथोन ठळक दिसते. रोशाच्या तेलात जिरेनिऑलचे एकच उत्तुंग शिखर.

दुसरी तपासणी उजव्या-डाव्याची. सिट्रोनेलॉलचे रेणू आपल्या दोन हातांसारखे, एकमेकांची आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रूपांत असतात. गुलाब जवळजवळ एकच रूप बनवतो. कारखान्यात बहुधा दोन्ही रूपे निम्मीनिम्मी तयार होतात. गुलाबतेलात दोन्ही रूपे आढळली की समजावे, कोणीतरी हात चालवला आहे. जिरेनिऑलला मात्र असे उजवे-डावे नसते, त्यामुळे ही युक्ती त्याच्यावर चालत नाही.

म्हणून तिसरी तपासणी आली, आणि ती मराठवाड्याच्या वाचकाला विशेष गमतीची वाटेल. हवेतील कार्बनचा किंचित अंश नेहमीपेक्षा जड असतो. गुलाबासारख्या वनस्पती हवेतून कार्बन घेताना हा जड अंश बराचसा टाळतात. ऊस, ज्वारी, मका आणि रोशा यांची अन्न बनवण्याची रीत निराळी, त्यामुळे त्यांच्यात जड कार्बन तुलनेने जास्त शिरतो. गुलाबतेलातील जिरेनिऑलचा कार्बन तोलून पाहिला आणि तो उसाच्या वळणाचा निघाला, की त्यात रोशाचे तेल पडले आहे हे उघड होते. कॉन्स्टँटिनोपलच्या व्यापाऱ्यांची जुनी युक्ती आज टिकणार नाही. आपला ऊस आणि रोशा एकाच रीतीचे असल्याचा पुरावा तेलाच्या थेंबात राहतो.

मग लावायचे काय?

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने २०१७मध्ये ‘अरोमा मिशन’ सुरू केले. दुष्काळी भागांत सुगंधी पिके नेण्याच्या या योजनेत विदर्भ, बुंदेलखंडाबरोबर मराठवाड्याचेही नाव होते. लखनौची केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था तिचे नेतृत्व करते. देशाला लागणारे जिरेनियमचे तेल मोठ्या प्रमाणावर बाहेरून येते. इजिप्त आणि चीन हे त्याचे प्रमुख उत्पादक. तेव्हा मागणी आहे, हे खोटे नाही. पण मागणी आहे म्हणून प्रत्येक शिवारात पीक येईल, असे नाही.

जिरेनियमला थंड, कोरडी हवा मानवते. मुळाशी पाणी साचले की ते कुजते, आणि लातूरची काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवण्यासाठीच प्रसिद्ध आहे. उत्तर भारताच्या मैदानी भागात ते हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत घेतात. पावसाळ्यात मातृरोपे जगवणे हीच मोठी अडचण असते आणि लखनौच्या संस्थेला त्यासाठी स्वस्त आच्छादनाची पद्धत काढावी लागली. लागवडीतील या जातींना उपयुक्त बी धरत नाही, त्यामुळे कलमांची रोपे विकत घ्यावी लागतात. ताज्या पाल्यात तेल इतके कमी, की लिटरभर तेलाला साधारण टनभर पाला लागतो. तो ताजा असतानाच ऊर्ध्वपातन व्हावे, म्हणजे भट्टी जवळ हवी. गादीवाफे, ठिबक आणि निचरा असलेल्या, काळजीने राखलेल्या शेतात जिरेनियम येते, हे मान्य. पण दहा-बारा हजारांचा आकडा ऐकून कोरडवाहू शेतकरी कर्ज काढून त्यात उतरला, तर त्याचा पहिला मुसळधार पाऊसच परीक्षक ठरेल.

आकड्याबद्दल आणखी एक. तो भाव तेलाचा असतो, चांगल्या तेलाचा असतो आणि त्या वर्षीचा असतो. रोपे विकणाराच परत तेल घेण्याची हमी देत असेल, तर तेलाचा दर्जा कोणत्या प्रयोगशाळेत ठरणार, किती सिट्रोनेलॉल-जिरेनिऑल असले की पूर्ण भाव मिळणार, कमी भरले तर किती कापणार, हे कागदावर लिहून घ्यायला हवे. लखनौची संस्था आणि कनौजचे सुगंध व स्वाद विकास केंद्र तेलाची तपासणी करतात. त्यांचा अहवाल हाती असलेला विक्रेता आणि ‘वास बघा की’ म्हणणारा विक्रेता यांच्यात बाजार फरक करतो.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते या चर्चेत रोशाला त्याच्या योग्यतेची जागा मिळालेली नाही. त्याच्या तेलाचा भाव जिरेनियमहून बराच कमी असतो, म्हणून बातमी होत नाही. पण हे गवत एकदा लावले की काही वर्षे टिकते, ऊन सोसते, हलक्या-मुरमाड जमिनीवर निभावते आणि सात-आठशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात कोरडवाहू घेता येते. उग्र वासामुळे जनावरे त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. लखनौच्या संस्थेने निवडलेल्या सुधारित जातींपैकी एकीचे नाव ‘तृष्णा’ आहे. लातूरला हे नाव समजावून सांगावे लागणार नाही. मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर बी टाकून पाऊस स्थिरावल्यावर रोपे लावतात. तेल मुख्यतः तुऱ्यात असते, म्हणून कापणी तुरे उमलल्यावरच करायची. घाई केली तर तेल कमी, आणि फार वाट पाहिली तर तुरे वाळून दर्जा उतरतो. बी मात्र खात्रीच्या ठिकाणचेच हवे. परागण मोकळ्यावर होत असल्याने घरचे बी पिढीगणिक बिघडत जाते आणि मोतियात सोफियाचा अंश शिरायला वेळ लागत नाही.

बाटलीतील हवा

या रेणूचा खरा शत्रू हवा आहे, आणि तो शेतकरी व शहरातील ग्राहक दोघांनाही समान आहे. उघड्या बाटलीत जिरेनिऑल ऑक्सिजनशी संयोग पावत जाते. त्यातून सिट्राल आणि पेरॉक्साइड कुळातील द्रव्ये तयार होतात, वासात कडवट लिंबूपणा येतो आणि संवेदनशील त्वचेला खाज, पुरळ उठवण्याची त्याची ताकद वाढते. ताज्या जिरेनिऑलचा हा गुण सौम्य आहे. जुन्या, अर्धवट भरलेल्या बाटलीतले अधिक त्रासदायक. युरोपीय संघाने २००३च्या निर्देशानुसार २६ सुगंधी घटकांची नावे वेष्टनावर छापणे सक्तीचे केले, त्यांत जिरेनिऑल आहे. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात ०.००१ टक्क्याहून आणि धुऊन जाणाऱ्यात ०.०१ टक्क्याहून अधिक असेल तर ते जाहीर करावे लागते. २०२३मध्ये ही यादी आणखी लांबवण्यात आली. आपल्याकडे मिळणाऱ्या साबणांवरही हे नाव छापलेले दिसते ते बव्हंशी या नियमांच्या प्रभावामुळे. ते दिसले म्हणून साबण टाकून देण्याचे कारण नाही. ज्याला सुगंधी प्रसाधनांनी अंगावर चट्टे येतात त्याने मात्र त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना ते वेष्टन बरोबर न्यावे.

ठेवणीतली अत्तराची कुपी घट्ट बुचाची आणि गडद काचेची असावी. खिडकीत, उन्हाच्या तिरपीत ती ठेवू नये. आणि भट्टीवरून तेल आणणाऱ्याने त्यातले पाणी आधी निथळून घ्यावे, उरलेली ओल निर्जल सोडियम सल्फेटने शोषून तेल गाळावे, स्टीलच्या किंवा अॅल्युमिनियमच्या डब्यात ते गळ्यापर्यंत भरावे, म्हणजे वर हवेला जागा उरत नाही, आणि डब्यावर कापणीची तारीख लिहून तो सावलीत ठेवावा.